डोळे शेवटी : कागदी मुखवट्यांच्या कामाच्या नोंदी

११ एप्रिल

शाळांना सुट्टी लागली. सकाळी वाचनघरात १४ पोरं जमली, तिसरी ते सातवीतली. काम असं ठरलं: जगात कुठंच नसलेले प्राणी तयार करायचे, त्यांचे कागदी मुखवटे करायचे आणि २४ मेला, रविवारी, गावच्या देवळासमोर अर्ध्या तासाचं नाटक करायचं. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर भागात आणखी कुणाला हे करायचं असेल तर हाताशी असावं म्हणून लिहून ठेवतेय. चुकलेलं आधी लिहीन.

मागच्या सुट्टीत नुसतं "राक्षस काढा" म्हटलं होतं, तर एकजात सगळ्यांनी शिंगं आणि सुळे काढले. यंदा प्रश्न बदलला. तुमचा प्राणी बघतो कसा? आणि त्याच्या गावात सुंदर कशाला म्हणतात? या दोन्हींचं उत्तर मिळाल्याशिवाय पेन्सिल हातात घ्यायची नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चौथीतला एक म्हणाला, "आमच्या आज्जी-आजोबांत चष्मा एकच हाय ताई. आज्जीनं तांदूळ निवडायला घेतला की आजोबा पेपर घेऊन तसंच बसत्यात." त्यातून एकचष्मे आले. सगळ्या गावात मिळून एक चष्मा. ज्याची पाळी तो संध्याकाळी टेकडीवर जाऊन बघून येतो आणि बाकीच्यांना सांगतो. त्यांच्यात देखणा कोण, तर बघितलेलं नीट सांगणारा. नाक कितीही सरळ असलं तरी ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे मुलगी देत नाहीत.

दुसरे तीटकरी. सहावीतल्या एका मुलीच्या घरी दोन महिन्यांचा भाऊ आहे. आई रोज त्याला काजळाची तीट लावते, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते. तिचे तीटकरी डाग नसलेल्या वस्तूकडे बघतच नाहीत, अंगावर कपडे नसल्यासारखी ती त्यांना वाटते. नवी घागर आणली की आधी तिला एक पोचा पाडतात आणि मगच सगळे जमून बघतात. लग्नात पाहुणे अक्षता टाकत नाहीत, नवरीला एकेक बोट काजळ लावतात.

१४ एप्रिल

चिकटवायला चिंचोक्याची खळ वापरायचं ठरलं. चिंच फोडायचे दिवस नुकतेच संपलेत, घरोघरी चिंचोके पडून आहेत. पोरांनी एका दिवसात चार किलो आणले, फुकट. भाजले, रात्रभर भिजवले, साल काढली, गिरणीवाल्यानं दळायला नकार दिला (दगड खराब होतो म्हणाला, आणि ते खरंच आहे), म्हणून जात्यावर भरडले. पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं, मगच चुलीवर ठेवायचं. मी सरळ उकळत्या पाण्यात टाकलं, तर गुठळ्या झाल्या. एक पातेलं गेलं.

याहून मोठी चूक मोरचुदाची. कागदाला कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात हे ऐकून माहीत होतं. मी घातलंही. दुपारी लक्षात आलं की हे मुखवटे पोरं तोंडावर बांधणार, ओठ लागणार, घाम येणार, आणि मोरचूद विषारी आहे. दोन्ही पातेली खळ खड्डा काढून पुरली, पातेली तीनदा घासून कामातून बाजूला ठेवली. आता खळीत मेथीची पूड आणि कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी घालतोय. एक दिवस वाया गेला. मुखवटा तोंडावर बांधायचा असेल तर मोरचुदाच्या वाटेला जाऊ नका.

१६ एप्रिल

साच्यासाठी माती. खानापूरच्या मातीचं नाव आहे. इथं कौलांचे कारखाने उभे राहिले ते तिच्यामुळं, आणि कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही इथंच आहे. आमच्या कुंभारमामांनी दोन पोती मळलेली माती दिली, ३०० रुपये घेतले. "पैसे नको होतं, पण बैलगाडीवाल्याला द्यायला लागतंय" म्हणाले.

पहिला मुखवटा मी नुसत्या कागदाच्या लगद्याचा केला, बोटभर जाड. पाच दिवस वाळेना. (हे वाक्य २१ तारखेला लिहितेय.) वरून कडक, आत ओला, आणि वाळता वाळता आकसला तसं नाक एका बाजूला वळलं. लगदा फक्त भुवया, ओठ, वरून चिकटवायच्या गाठी यांनाच ठेवावा. बाकी सगळं खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्यांचं करावं.

१९ एप्रिल, रविवार

सगळी वरात बेळगावला. मुलींना आणि मला शक्ती योजनेमुळं (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट) तिकीट नाही, सहा मुलग्यांच्या तिकिटांचे जाऊन-येऊन २७० रुपये. खडेबाजारातून हातात मावतील असे १२ आरसे घेतले, २४० रुपये. गणपत गल्लीत पॉलिश पेपर, व्हायटिंग पावडर (रंगाआधी द्यायची पांढरी खडूची भुकटी), पोस्टर कलर: ६८५. वडगावात एका विणकर काकांनी मागावरचं टाकाऊ सूत पिशवी भरून तसंच दिलं, आयाळीसाठी.

वेळ होता म्हणून किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात गेलो. १२०४ सालची बांधणी, रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं केलेली. मंडपाच्या छताला दगडी कमळ आहे, त्याच्या ७२ पाकळ्या, आणि त्यांवर भूत, वर्तमान, भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. पोरं माना वर करून बघायला लागली आणि मिनिटाभरात माना दुखायला लागल्या. पाचवीतल्या मुलीनं पिशवीतला आरसा काढला, ओंजळीत आडवा धरला आणि खाली मान घालून त्यात बघत उभी राहिली. सगळं कमळ तिच्या हातात आलं होतं. आरसा किंचित हलला की कमळही हलायचं, पाण्यावरच्या खऱ्या कमळासारखं. मग बाराही आरसे बाहेर निघाले. बराच वेळ मंडपात कुणी वर बघतच नव्हतं.

परतताना बसमध्ये पाठमोरे जन्माला आले. सुंदर वस्तूकडे थेट बघणं हा त्यांच्यात उद्धटपणा. तिच्याकडे पाठ करायची, आरसा वर धरायचा आणि आरशात मावेल तेवढंच बघायचं. मावत नाही ते दुसऱ्यासाठी सोडायचं.

२३ एप्रिल

पट्ट्यांची पद्धत जमली. मातीच्या साच्यावर आधी नुसत्या पाण्यानं भिजवलेला कागद, खळ न लावता. नाहीतर मुखवटा मातीलाच चिकटतो (एक गेला). त्यावर खळीच्या पट्ट्या. पट्ट्या कात्रीनं कापू नयेत, हातानं फाडाव्यात. फाटलेली कड पातळ असते, ती बसते. कापलेल्या कडेची शिवण रंगातूनही दिसते.

कोणता थर पुरा झाला आणि कुठं राहिला हे ओल्या कागदावर कळत नाही. त्याला उपाय पोरांनीच काढला: एक थर मराठी पेपरचा, एक थर कन्नड पेपरचा. कन्नड थर लावताना मराठी अक्षर दिसलं की तिथं भोक राहिलंय. वाचनघरात दोन्ही भाषांची रद्दी होती, पैसा लागला नाही. आठ थर, रोज दोनच, वाळवण सावलीत. उन्हात ठेवलेले सगळे कडेनं वर वळतात.

२७ एप्रिल

काल वळीव झाला. दुपारी चारपर्यंत आभाळ स्वच्छ, म्हणून पाच मुखवटे गच्चीवर वाऱ्याला ठेवले होते आणि मी गावात गेले. अर्ध्या तासात गारांसकट पाऊस. दोन मुखवट्यांचा पुन्हा लगदा झाला, तीन वाचले पण मऊ पडले. एकाची आज्जी पातेलं डोक्यावर धरून गच्चीत धावली, म्हणून ते तीन तरी राहिले. ज्यांचे गेले ती दोघं रात्री जेवली नाहीत असं त्यांच्या घरून कळलं. आज सकाळी त्यांच्यासोबत बसून पहिला थर मी लावला. आठ दिवस मागं पडलो. एप्रिलच्या उत्तरार्धात आमच्याकडं गच्चीवर काहीही ठेवून जाऊ नये, आभाळ कितीही स्वच्छ असो.

४ मे

साच्यावरून सोललेले मुखवटे बांधून पहिली तालीम. तिसरीतला मुलगा देवळाच्या पायरीवरून पडला. गुडघा फुटला, बाकी ठीक आहे. ही चूक संपूर्ण माझी.

मुखवट्याच्या बुबुळांच्या जागी आम्ही भोकं पाडली होती. मुखवटा मोठा, त्याचे डोळे एकमेकांपासून नऊ सेंटिमीटरवर. मी पट्टी घेऊन पोरांचे डोळे मोजले, बाहुलीपासून बाहुलीपर्यंत साडेपाचच्या आसपास. म्हणजे पोराच्या डोळ्यांसमोर भोकं नव्हतीच. ते एका डोळ्यानं तिरकं बघत चाललं होतं आणि पायाखालचं त्याला दिसतच नव्हतं.

गणपती घडवणाऱ्या मूर्तिकार मामांना विचारलं. ते म्हणाले, "प्राण्याचं डोळं प्राण्याला ऱ्हावू देत. पोराला तोंडातनं बघू दे." तसंच केलं. डोळे बुजवून टाकले, जबडा उघडा ठेवला, त्याच्या आत काळी जाळी (जुन्या मच्छरदाणीला काळा रंग) लावली. आतला माणूस अंधारात, बाहेर उजेड, त्यामुळं त्याला सगळं दिसतं आणि लोकांना फक्त काळं तोंड दिसतं. फट थोडी खाली वळवली की पायरीही दिसते. आत जुन्या गादीच्या स्पंजचे तुकडे लावून मुखवटा तोंडाच्या जवळ आणला. फट डोळ्याच्या जितकी जवळ तितकं जास्त दिसतं. पांढरी जाळी चालत नाही, उजेड पकडते आणि आतून धुकं दिसतं.

याच दिवशी कीर्तिमुख नाटकात आला. मामांनी गोष्ट सांगितली, स्कंदपुराणातली. जालंधर नावाच्या असुरानं राहूला पाठवून शंकराकडे पार्वती मागितली. शंकराच्या तिसऱ्या डोळ्यातून एक भुकेला प्राणी निघाला. राहू शरण आला, मग प्राण्यानं विचारलं आता खाऊ काय, तर शंकर म्हणाला स्वतःलाच खा. पायापासून सुरुवात करून त्यानं सगळं अंग खाल्लं, तोंडच उरलं. शंकर प्रसन्न झाला आणि त्याला कायमचा दारावर बसवला. म्हणून देवळांच्या दारावर, कमानीवर ते नुसतं तोंड असतं.

"मग डोळं का न्हाई खाल्लं?" एकानं विचारलं. पडलेला मुलगा गुडघ्याला हळद लावून बसला होता, तो म्हणाला, "कुठवर खाल्लंय ते बघायला नको काय ओ?"

कीर्तिमुख त्यालाच दिला.

९ मे

पाठमोऱ्यांचे मुखवटे डोक्याच्या मागच्या बाजूला बांधतोय. पोरगं पाठ करून उभं राहिलं की प्रेक्षकांना प्राण्याचं तोंड दिसतं. सुंदरबनात मध गोळा करणारे लोक वाघानं मागून झडप घालू नये म्हणून असेच पाठीमागं मुखवटे बांधत, हे पोरांना सांगितलं तेव्हापासून या भूमिकेला मागणी वाढली आहे.

मागं मागं चालायचं आणि हातातल्या आरशात बघत यायचं. वाटतं सोपं, पण आरशात उजवं-डावं उलटं होतं. तीन दिवस पोरं एकमेकांवर आदळली. शेवटी जमिनीवर चुन्याची रेघ मारली आणि आरशात ती रेघ मधोमध धरून चालायला सांगितलं. तेव्हा जमलं.

दुसरी अडचण तालमीला बसलेल्या बायकांनी सांगितली. संध्याकाळी पाचचं ऊन आरशांवरून सरळ त्यांच्या डोळ्यांत जात होतं, मांडीवरची लेकरं रडायला लागली. रंगमंचाचं तोंड फिरवलं, पश्चिमेला जाड सतरंजी बांधली. आरशाच्या काचांच्या कडा पहिल्या दिवशीच कापडी पट्टीनं बांधायला हव्या होत्या, त्या मी एक बोट कापल्यावर बांधल्या.

१५ मे

गंडभेरुंडानं सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. दोन डोक्यांचा हा पक्षी म्हैसूरच्या वोडेयरांचं चिन्ह होता, आता कर्नाटकाच्या राज्यमुद्रेवर आहे, त्यामुळं पोरांनी तो दाखल्यांवर आणि सरकारी पाट्यांवर पाहिलेला. आमच्या गंडभेरुंडाचा नियम: दोन्ही डोकी हो म्हणाल्याशिवाय कुठलीच वस्तू सुंदर ठरत नाही. एक डोकं बघतं आणि म्हणतं, "छान हाय." दुसरं बघतं आणि तेच कन्नडमध्ये म्हणतं, "चंद ऐती." एक डोकं गप्प राहिलं तर वस्तू झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायची. कन्नड बोलणारं डोकं म्हणून शेजारच्या आळीतला मुलगा आला, तो आमच्या वाचनघरात पहिल्यांदाच येतोय.

पहिली दोन डोकी प्रत्येकी १४०० ग्रॅम भरली. माना लोंबल्या, पोरांचे खांदे दुखले. मोडून टाकली. बुरूड काकांकडून बांबूच्या कामट्यांचे दोन सांगाडे विणून घेतले (३५० रुपये), त्यावर तीनच थर. आता एक डोकं ६०० ग्रॅम. एवढं मोठं काही करायचं असेल तर पहिल्या दिवशी बुरुडाकडे जावं.

एका कापडाखाली दोघं, एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून दोघंही एकदम बोलायचे. मनगटं दोरीनं बांधली. एकाचं बोलून झालं की तो दोरी ओढतो.

१९ मे

डोळे.

मामांनी पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, डोळे शेवटी. गणपतीच्या कामातही सगळा रंग झाल्यावर ते डोळ्यांची आखणी करतात. "डोळं काढलं की ते आपल्याकडं बघायला लागतंय. मग पॉलिश पेपर मारायला हात धजत न्हाई." तरी दोन उतावळ्यांनी १२ तारखेलाच बुबुळं काढली होती, टेबलावर मुखवटा आडवा ठेवून. टेबलावर छान दिसत होती. बांधल्यावर एक आभाळाकडे बघतोय आणि दुसरा स्वतःच्या पोटाकडे, कारण प्रत्येकाची मान वेगळी, बांधायची पट्टी वेगळी.

पांढरा रंग देऊन ती पुसली. मग असं केलं: मुखवटा ज्याचा त्याला बांधला, रंगमंचावर उभा केला, आणि बाकीचे लोक बसतील तिथं, बारा फुटांवर, सतरंजीवर बसले. एक जण खडूनं ठिपका देणार, बसलेले सांगणार: "वर… जरा आत… आता माझ्याकडं बघतोय." तीन वेगवेगळ्या जागी बसलेल्यांनी "माझ्याकडं बघतोय" म्हटलं की ठिपका पक्का. मग मुखवटा काढून रंग. एकेका मुखवट्याला वीस मिनिटं, सगळा दिवस गेला, पण तो दिवस कुणीही वाचवू नये.

कीर्तिमुखाची बुबुळं खाली, स्वतःच्या जबड्याकडे बघणारी ठेवली. त्याच्या मालकाचा तसा आग्रह होता आणि तो बरोबर होता.

२१ मे

तीटकरीचा मुखवटा सगळ्यांत देखणा झालाय. व्हायटिंगचे चार हात, प्रत्येक हातानंतर आधी १५० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. गालावर बोट फिरवलं तर अंड्यासारखा लागतो. सहावीतल्या त्या मुलीनं आठ दिवस दुसरं काही केलं नाही.

आता नियमाप्रमाणं त्याला तीट लागायला हवी. पोरं काजळ घेऊन आली. ती मुखवटा छातीशी धरून कोपऱ्यात जाऊन बसली आणि कुणाला हात लावू देईना. नियम तिनंच केलेला आहे हे तिलाही कळत होतं, म्हणूनच रडत होती. मी काही बोलले नाही. काय बोलावं ते मलाही कळेना, इतका तो गाल गुळगुळीत होता.

तासाभरानं तिची आई बाळाला घेऊन तिला न्यायला आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कानामागं लाव की गं. याला पावणं आलं की मी तितंच लावते." बाळाचा कान पुढं करून तिनं दाखवलं, कानामागं खरंच काळा ठिपका होता, घामानं थोडा पसरलेला. मुलीनं डोळे पुसले आणि त्याच बोटानं काजळ घेतलं.

२४ मे

नाटक झालं. ३५ मिनिटं. पाऊस आला नाही. एकचष्म्यांचा चष्मा ऐन वेळी हरवला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजोबांनी आपला काढून दिला आणि शेवटपर्यंत तसेच बसले. गंडभेरुंडाची दोरी सुटली, पण तोवर दोघांना एकमेकांचा श्वास कळायला लागला होता. आमच्या कन्नड डोक्याची आई मागं उभी होती, मुलगा "चंद ऐती" म्हणाला की ती हळूच मान हलवायची.

एकूण खर्च २,३४०. यात बोटाचं ड्रेसिंग आणि एक पातेलं धरलेलं नाही.

११ जून

पाऊस लागलाय. सगळे मुखवटे काढून बघितले. ज्यांना आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं होतं त्यांना काही नाही. दोघांना घाईत अस्तर लावलं नव्हतं, त्यांना आत पांढरी बुरशी आलीय. ती बाहेर नेऊन, तोंडाला फडकं बांधून ब्रशनं झाडली, शेगडीपासून दोन हातांवर ठेवून वाळवले, आता अस्तर लावतोय. जमिनीवर किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवू नयेत, वारा लागत नाही. आम्ही स्वयंपाकघराच्या आढ्याला, चुलीच्या धुराच्या वाटेवर टांगलेत, कडुनिंबाच्या डहाळ्यांसकट.

गंडभेरुंड आढ्यापर्यंत गेला नाही. तो वाचनघरातच आहे, दाराच्या वर, एक डोकं रस्त्याकडे आणि एक पुस्तकांकडे. शेजारच्या आळीतला मुलगा रोज शाळा सुटली की येतो आणि आधी त्याच्या मानेला हात लावून बघतो, ओल आलीय का ते.